मुक्त गणिताच्या मार्गदर्शिकेची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, शाळेत संस्कृत शिकवणारी, अविवाहित, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. येत्या बुधवारी डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि तेव्हा मी शुद्धीत नसेन, म्हणून आजच. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी इतरांवर आणते आहे, ते पुढे येईलच.

१. माझी सर्वांत मोठी मिळकत घर नव्हे. माझ्या धाकट्या भावाने गणिते सोडवणारे एक मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. त्याची मार्गदर्शिका मी लिहिली आणि तिचे लेखनहक्क माझे आहेत. 'मुक्त' म्हणजे नुसते फुकट नव्हे. धातू 'मुच्', सोडवणे. हाती आले पण वापरता आले नाही, तर माणूस सुटत नाही, अडकतो.

२. भावाच्या मते मार्गदर्शिका कोणी वाचत नाही. पुढच्या आवृत्तीतून ती काढून टाकायची त्याची तयारी चालू आहे. मार्गदर्शिकेत जिथे समजावणे अवघड, तिथे त्याने "वापर उघड आहे" अशी टीप आधीच ठोकून दिली आहे. आमचे जुने संस्कृत टीकाकारही सोप्या श्लोकावर पानभर लिहीत आणि अवघड श्लोकाखाली 'स्पष्टम्' लिहून पुढे सटकत. परंपरा थोर आहे. मला ती मोडायची आहे.

मध्यंतरी एका गणिताच्या शिक्षिकेने विचारले, की अनेक समीकरणे एकदम सोडवायला द्यायची कशी? विकतचे सॉफ्टवेअर तिच्या शाळेला परवडत नव्हते. मी भावाला बोलावले.

"उघड तर आहे, ताई."

"मग दाखव."

त्याने आधी अज्ञात राशी लिहिल्या, मग समीकरणे. उत्तरात रिकामा कंस आला. क्रम उलटा केला; पुन्हा रिकामा कंस.

"थांब हं, कोडमध्ये बघतो."

"बघा की बाबा. तिथं तर उघडच असेल," त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, म्हणाली. ती भाषांतरे करते. जिभेला धार आहे.

त्याला कोडमध्ये सापडेपर्यंत शिक्षिकेचा दुसरा निरोप आला: राहू द्या, मुलांकडून हातानेच करून घेते. ते 'राहू द्या' मला अजून सलते.

३. म्हणून मार्गदर्शिकेचे सर्व हक्क मी भाचीला देते. तिने ती कोणालाही नकलायला, सुधारायला, भाषांतरायला मोकळी ठेवावी.

४. राहते घर भावाला, पण अटीवर. मार्गदर्शिकेशिवाय नवी आवृत्ती काढायची नाही. प्रत्येक नवे प्रकरण आधी याच घराच्या बाहेरच्या खोलीत एखाद्या नवख्याकडून वाचून, करून बघायचे. भावाने शेजारी बसावे, तोंड उघडू नये. नवखा जिथे अडेल तिथे वाक्य चुकले, नवखा नव्हे. अट मोडल्यास घर भाचीचे. वकिलांनी हे कलम दोनदा वाचले आणि ते टिकेल असे सांगितले.

५. "व्याकरणवाल्या बाईंचं कॉम्प्युटरशी काय काम?" असे भर बैठकीत विचारणाऱ्या मुख्याध्यापकांना माझा प्रिंटर, त्याच्याबरोबर आलेल्या मूळ पुस्तिकेसह. ती वाचून चालवता आला तर त्यांचा.

माझे संस्कृत टीकाग्रंथ भावाला. 'स्पष्टम्' आहे तिथे पेन्सिलीच्या खुणा आहेत. करमणूक म्हणून वाचावेत.

६. हे कलम मागाहून जोडले आहे. भावाने मसुदा वाचला. मग म्हणाला, "ताई, चौथ्या कलमात नवखा म्हणजे नक्की कोण? एखादं उदाहरण दे ना."

विचारलेस ते बरे केलेस. नवखा म्हणजे ज्याला गणित येते पण तुझे सॉफ्टवेअर येत नाही असा माणूस. उदाहरणार्थ, वरची शिक्षिका. तिला मी काल फोन केला. प्रथम "कशाला उगीच" म्हणाली, पण बुधवारनंतरच्या रविवारी येते आहे. समीकरणांचे प्रकरण तोवर नव्याने लिहून तयार पाहिजे. मी असेन वा नसेन, ते तू लिहायचेस.

कलम समजले असे त्याने सांगितले आणि प्रकरण लिहायला कोरा कागद मागून घेतला, म्हणून आता सही करते.

लिहून देणार: (सही) संस्कृतच्या बाई

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि तरी जे आले:
(सही) शेजारच्या दंतवैद्य बाई
(सही) कोपऱ्यावरचे बाइंडर

स्थळ: राहत्या घराची बाहेरची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार