मनोबल मोहिमेत माझी नोंद

जठारपेठ, अकोला
१३ फेब्रुवारी २००७

ती. सौ. ताराक्कास धाकट्या भगवंताचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा, तुझी साखर आणि तुमच्या गल्लीतलं नळाचं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी इकडे उत्तम आहे. हे वाक्य मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, कारण एक-दोन दिवसांत तुला सरकारी दवाखान्यातून फोन येईल आणि फोनवरची मुलगी याच्या बरोब्बर उलट सांगेल. घाबरू नकोस. झालं ते असं.

आमच्या जिल्ह्याच्या ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी तुला ठाऊकच आहे. जिथं ग्रंथालय नाही अशा गावात जायचं, पारापाशी थांबायचं, नवी पुस्तकं द्यायची, पंधरा दिवसांपूर्वीची परत घ्यायची. (परत आलेल्या पुस्तकांत काय सापडेल सांगता येत नाही. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका, मोरपीस; एकदा तर पाकशास्त्राच्या पुस्तकात अर्धी पोळी निघाली.) दिवाळीनंतर वरून एक पत्रक आलं. आपल्या भागात शेतकऱ्यांचं काय चाललंय ते तू पेपरात वाचतेसच, मी पुन्हा लिहीत नाही. पत्रकात म्हटलं होतं की ग्रंथांच्या माध्यमातून ग्रामस्थांचं मनोबल उंचावावं आणि त्यासाठी एक ‘प्रसन्न व संवादकुशल’ कर्मचारी नेमावा. आमच्याकडे असा एकच होता, त्याच्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्याला गाडी लागते. उरलो मी. साहेब म्हणाले, भगवंतराव, तुमची घरी कोणी वाट पाहणारं नाही, तुम्हीच जा. (त्यांच्या मनात वाईट नव्हतं. माणसानं सोय पाहिली. कुमुदला जाऊन दीड वर्ष झालं, एवढ्या दिवसांनी लोक सोयच पाहतात.)

तर जिल्ह्यातला सगळ्यात पडलेल्या चेहऱ्याचा माणूस लोकांना हसवायला निघाला. सोबत ड्रायव्हर शाकीब, बाळापूरचा, आणि मागे मनोबलाच्या पुस्तकांची चार खोकी. पहिल्या तीन-चार गावांत मनोबल कोणी मागितलंच नाही. एकाला कपाशीवरच्या लाल्या रोगाचं पुस्तक हवं होतं. दोघांना पोलीस भरतीचं. एका बाईनं डोक्यावरचा पदर सावरत, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, सासरच्या जमिनीत वाटा कसा मागतात ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय म्हणून विचारलं. ते मात्र माझ्याकडे होतं, आणि ते देताना मला त्या आठवड्यात पहिल्यांदा आपण कामाचे आहोत असं वाटलं. मनोबलाची खोकी जशीच्या तशी परत.

मग तेल्हाऱ्याच्या पुढचं पिंपळखेड आलं. तिथं ग्रामसेवकानं चाळीस-पन्नास माणसं समाजमंदिरात बसवून ठेवली होती. मी उभा राहिलो आणि नव्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण वाचायला घेतलं, ‘खचलेला माणूस कसा ओळखावा’. (आधी चाळून पाहायला हवं होतं. ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून ही चूक.) त्यात लक्षणं दिली होती. जेवणावरून मन उडतं. झोप लागत नाही. बोलणं कमी होतं. कपड्यांकडे लक्ष राहत नाही. मी एकेक लक्षण सावकाश, स्पष्ट वाचत गेलो आणि एकेक माणूस माझ्याकडे टक लावून बघायला लागला. चौथ्या लक्षणाला मी खाली पाहिलं, तर माझ्या सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली.

पुढच्या रांगेत पार्वताबाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं हात वर केला नाही की काही नाही, सरळ विचारलं.

“सायेब, सकाळी काय जेवले तुमी?”

चहा, मी म्हणालो.

“अन् काल राती?”

मी म्हणालो, टोस्ट. सगळ्या बायकांनी एकदम मान हलवली. तेवढ्यात आमचा शाकीब, ज्याला मी सात वर्षं आपला माणूस समजत होतो, दारातून बोलला, “साठ किलोमीटर झाले तरी हा मानूस हूं बी म्हनत नाही, माय. मागच्या महिन्यात बायकोची शिलाई मशीन बी देऊन देल्ली यानं.”

अक्का, ती मशीन मी टाकून दिली नाही. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी शिवण शिकते, तिला दिली. वापरात राहावी एवढाच हेतू. तुला कळवायचं राहून गेलं. पण पुस्तकात पाचवं लक्षण नेमकं तेच होतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, आणि ते मला त्यानंतर वाचावं लागलं.

त्यानंतर वाचन झालं नाही. पार्वताबाईनं मला हाताला धरून घरी नेलं, भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा पुढं ठेवला आणि मी तिसरी भाकर संपवेपर्यंत समोरून हलली नाही. इकडे ग्रामसेवकानं संधी साधली. तालुक्याहून त्याच्याकडे ‘निराश व्यक्तींची नोंद’ असं एक रजिस्टर आलं होतं आणि ते सहा महिने कोरं होतं. गावात काय कमी माणसं खचली होती? पण आपलं नाव लिहू द्यायला कोणी तयार नव्हतं; पोरीची सोयरीक मोडेल ही भीती. माझी कुठलीच सोयरीक अडलेली नव्हती. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, माझं नाव. व्यवसाय: पुस्तके.

निघायच्या वेळी गाडीभोवती ही गर्दी. पार्वताबाई सोडून सगळ्यांनी पुस्तकं घेतली, हातात येईल ते. मग तीही आली. मी म्हणालो, आजी, तुम्हाला वाचता येत नाही. तर म्हणते, “नाही येत. पन पुस्तक नेलं म्हंजे ते वापस न्याले तुमाले यावंच लागीन ना?” एक्केचाळीस पुस्तकं गेली, अक्का, एका गावात. मी शाकीबला काच वर करायला सांगितली आणि तेल्हारा येईपर्यंत बाहेर बघत बसलो.

पुढचं तुला अंदाजानंही कळेल. शनिवारी दवाखान्याची गाडी थेट आपल्या दारात, बोर्ड लावून. शेजारीपाजारी गच्चीवर. आत आली जुईली नावाची समुपदेशक, वय फार तर चोवीस. तिनं तासभर प्रश्न विचारले आणि मी तासभर उत्तम आहे म्हणालो. जाताना तिनं एक पुस्तक वाचायला सांगितलं. ग्रंथालयात मिळेल म्हणाली. ते पिंपळखेडला पार्वताबाईकडे आहे. इकडे साहेब एक्केचाळीसच्या आकड्यावर खूश आहेत, अहवालात आमची मोहीम पहिली आहे. मला मात्र लेखी खुलासा मागितला आहे, की एकच कर्मचारी मोहीमप्रमुख आणि लाभार्थी अशा दोन्ही रकान्यांत कसा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
भगवंत

ता. क. : त्या जुईलीनं जवळचं माणूस म्हणून तुझा नंबर लिहून घेतला आहे. फोन आला की एवढंच सांग, भगवंत लहानपणापासूनच असा अबोल आहे, काळजीचं कारण नाही.

ता. क. २ : नको, तसं सांगू नकोस. पोरगी चांगली आहे, मन लावून विचारते. जे आहे ते सांग.

ता. क. ३ : अक्का, वरचं समदं हापिसच्या भाषेत झालं. मले गमून नाही रायलं वं. कुमुद गेली तवा तू तेरा दिवस होती, तेवढेच दिवस मी नीट जेवलो. भाऊजीले विचारून ये. रविवारच्या सकाळच्या गाडीनं ये. मी स्टँडवर उभा रायतो.