त्याच्या बॅनरवर माही अक्षरं

३ सप्टेंबर, राजुरा
बसस्टँडवर प्र.चा वाढदिवसाचा बॅनर. (पूर्ण नाव या वहीत लिहिणार नाई. लायकी नाई त्याची.) 'युवा नेतृत्व' म्हणे. अन् अक्षरं माही! त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात भागीदार होती तवा काढलेली, जाड, गोल टोकांची. इथी कोळशाच्या धुळीत बारीक अक्षर चार दिवसात मरते, जाड टिकते. शिरोरेषेचं टोक गोल केलं की दोन अक्षरांच्या मधात खाच पडे, ती बुजवता बुजवता डोळे गेले माहे. त्यानं फॉन्टले स्वतःचं नाव देऊन टाकलं. मले म्हणे, "दुकानात बसून काढलं ते दुकानाचं." वरून सगळ्यायले सांगते, मीच त्याचं काम चोरून पळाली. चोराच्या उलट्या बोंबा.
थुंकावंसं वाटलं. गर्दी होती.

७ सप्टें.
आता मी खुशालभाऊच्या दुकानात, बसस्टँडसमोर, फ्लेक्सच्याच कामावर. भाऊनं बातमी आणली, प्र. नगरपरिषदेले उभा राहून राह्यला. वॉर्डात जिकडे तिकडे हेच अक्षर लावणार. दुरून अक्षर दिसलं की लोकायले तोच आठवला पाहिजे, असा त्याचा डाव.
आठवू दे. काय आठवाचं ते मी ठरवतो.

१२ सप्टें.
मूळ फाइल माह्याजवळच आहे. श्रद्धांजलीचा तयार नमुना बनवला. मधात फोटो, खाली हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्याच अक्षरात, काळ्या रंगात. 'द्ध'नं जीव खाल्ला, एवढ्या जाडीत त्याचं पोटच बुजून जाते.
खुशालभाऊ पाहून म्हणे, "हे तं गुबगुबीत अक्षर आहे, बारशाचं. मयतावर शोभन का?"
म्हटलं, सवय झाली की शोभते.
राजुरा, पोंभुर्णा, पार अहेरीपर्यंतच्या फ्लेक्सवाल्यायले पाठवला, फॉन्टसकट. अट एकच, फक्त मयत अन् तेरवीले वापरा. फुकट ते पौष्टिक. कोणी नाई म्हटलं नाई.

२० ऑक्टो.
लागू पडलं. चौकाचौकात मयताचे बॅनर माह्या अक्षरात. अहेरीच्या बाजारातूनही एकानं फोटो पाठवला, कोण्या गुरुजीची तेरवी. पाहूनच पोट भरलं.
आज टपरीवर दोघं जण, समोर प्र.चा बॅनर.
"हा कधी गेला बे?"
"गेला नाई, उभा आहे."
मी चहाच्या कपात तोंड घालून हसली.

२ नोव्हें.
प्र. स्वतः दुकानात आला. "तू मुद्दाम करून राह्यली."
"लोकं मरतात, त्याले मी काय करू?"
त्याचे सगळे बॅनर छापून झाले म्हणे, आता बदलवता येत नाई. मंग आवाज खाली करून, "ठीक आहे, अक्षर तुहं. झालं?"
म्हटलं, माह्या कानात काऊन सांगतं? चौकात उभा राहून म्हण.
गेला पाय आपटत. बरं वाटलं. लय दिवसानं जेवण गोड लागलं.

९ नोव्हें.

मावशी, म्हंजे प्र.ची माय. मी त्याच्या दुकानात होती तवा माहा डबा तिच्याच चुलीवरून ये. आज पोंभुर्ण्याहून पोरीकडून आली, एसटीतून उतरली. तिले वाचता येत नाई. समोर पोराचा फोटो अन् ती जाड, गोल अक्षरं. तिकडे दिराच्या तेरवीत तीच अक्षरं पाहून आली होती. तिथीच मातीत बसली अन् ऊर बडवाले लागली, पोराचं नाव घेऊन. लोकं सांगून राह्यले, जिता आहे, जिता आहे. ऐके नाई. प्र. धावत आला, तं त्याचं तोंड चाचपून पाहे.
दुकानातून सगळं दिसलं मले. उठून गेली नाई मी.

१२ नोव्हें.
प्र. प्रचारात असताना जाऊन आली. मावशी खाटेवर. हात सोडे नाई माहा.
"पोरगा समोर बसून जेवते, तरी मले खरा वाटत नाई. ते अक्षर दिसलं की उठून त्याचं तोंड चाचपतो."
म्हटलं, मावशी, तुमाले तं वाचता येत नाई.
"तेच एक वळखतो मी, बाई. एवढं जाड, आंधळ्यालेही दिसन. कोणं काढलं वं असं? तू तं त्याच कामातली. सांग ना त्याले, काढून टाक म्हणा."
पाणी पिऊन निघाली.

१३ नोव्हें.
फ्लेक्सवाल्यायले फोन लावले, बंद करा म्हटलं. पोंभुर्ण्याचा म्हणे, "आता लोकंच मागतात, ताई. मयताचं अक्षर द्या म्हणतात."
झालं. फाइल गेली ती गेली.
प्र.वरचा राग? कणभर कमी नाई.

१५ नोव्हें.
दुपारी प्र.चा फोन. आवाज एकदम शांत.
"तुह्या मनासारखं करतो. उद्या सभेत, चौकात, माइकवर सांगतो हे अक्षर कोणं काढलं. तुहं नाव घेतो, पुरं. मायले आणून राह्यलो. ती पुढेच बसन."
उद्या सहा वाजता सभा आहे. होऊ दिलं तं मावशीले कळन, ते अक्षर कोणं काढलं. नको म्हटलं तं अक्षर जन्मभर त्याचं, अन् चोर मी. त्याचा नंबर काढून ठेवला आहे, अजून लावला नाई.