कुणाचाच नसलेला कोपरा

प्रिय मारिसोल,

तुझा निरोप पोचला. "तू मला दगा दिलास, आर्लिस. का?" एवढाच. सप्टेंबरपासून माझ्या तळघरात राहिलीस, माझ्या हातचं जेवलीस, माझ्या नवऱ्याचा कोट घालून गावभर हिंडलीस, आणि शेवटी हिशेब काय, तर एका ओळीचा. फोनवर बोटं मारत याला उत्तर देणं मला जमणार नाही. चाळीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे. पोरांना झापायचं तर गाडी कडेला घेऊन, मागे वळून, तोंडावर झापायचं ही माझी पद्धत. तू समोर नाहीस, म्हणून हे पत्र. नीट बसून वाच.

तू आलीस तो दिवस आठवतो का? ॲरिझोनाची नंबरप्लेट, मागच्या सीटवर एक उशी आणि फलकांचा गठ्ठा. अंगात पातळसं जाकीट. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या प्रचाराला तुमच्यासारखी पोरं आयोवात उतरतात आणि आम्ही तळघरं झाडून देतो, त्यात नवं काही नाही. मागच्या वेळी माझ्याकडे जो होता तो टॉवेल जमिनीवर टाकायचा. तू मात्र पहिल्याच संध्याकाळी भांडी घासलीस आणि ओटा पुसून फडकं वाळत घातलंस. मी त्याच क्षणी तुझ्यावर भाळले, आता लपवून काय करू! थंडी पडायला लागली तेव्हा ऑर्विलचा जाड कोट कपाटातून काढून तुला दिला. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तो कोट मी माझ्या मुलीलाही दिला नव्हता.

आमची मतदानाची रीत ऐकून तू केवढी हसली होतीस. "म्हणजे शाळेच्या जिममध्ये सगळ्यांसमोर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं? आणि शेजारी बघत असतात? अगं, मत म्हणजे गुपित असतं ना!" मी म्हटलं, इथे नसतं बाई. इथे कोण कुणाच्या कोपऱ्यात उभं राहिलं ते दुसऱ्या दिवशी चर्चच्या कॉफीला सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे मत उघडं असतं आणि घरातलं झाकलेलं. हे वाक्य तुला इतकं आवडलं की तू ते वहीत लिहून घेतलंस. नुसतं लिहून घेतलंस, एवढंच म्हणते.

तुझा उमेदवार, गव्हर्नर ड्रेसेल, मला बरा वाटायचा. पण खरं सांगू, मी त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी राबले. तू मला आपल्या कोपऱ्याची कॅप्टन केलंस तेव्हा मी आरशासमोर तो बिल्ला दोनदा लावून पाहिला. चर्चच्या तळघरातलं आपलं ते चिलीचं जेवण! राजमा-खिम्याची तिखट चिली आणि सोबत दालचिनीचे गोड रोल हे बघून तू नाक मुरडलंस, आणि मग तीन रोल हाणलेस. देणगीसाठी लुएलाच्या ॲपल पायचा लिलाव पुकारताना घसा बसला तुझा. मुख्य कचेरीतली माणसं तिकडे उंटावरून शेळ्या हाकायची. इथे अजून माणसं का येत नाहीत, देणगी का वाढत नाही, गावात उत्साह किती, प्रत्येक माणसाला एक ते पाच आकडा द्या. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे दार आपटणारा. लुएलाचा नवरा ड्वेन तुझ्या खात्यात 'पाच' होता. तुला बर्फात उभी करून तो म्हणाला होता, "पोरी, माझं मत माझ्या कुत्र्यालाही ठाऊक नाही." तू रडवेली होऊन घरी आलीस, आणि मी तुझे मोजे शेगडीजवळ वाळत घातले.

मग थँक्सगिव्हिंग. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून तू घरी गेली नाहीस, आणि माझ्या लेकीला, कार्नाला, डेन्व्हरहून यायला सुटी मिळाली नाही. आपण दोघी आणि एवढाला टर्की. जेवण झाल्यावर तू तुझ्या आजीचं सांगितलंस. शेवटी शेवटी ती तुला ओळखत नव्हती ते. तू मोकळी झालीस म्हणून मीही झाले. ऑर्विल गेला तो साखर वाढून गेला, हे गावाला माहीत होतं. पण तो शेवटच्या वर्षी इन्शुलिन निम्मंच घेत होता, एक आड एक महिना औषध आणतच नव्हता, हे मला अंत्यविधीनंतर औषधाच्या दुकानातल्या रॉयने डोळे पुसत सांगितलं. त्याच्यानंतर मी फक्त तुला सांगितलं. का सांगितलं नाही कुणाला, तेही सांगितलं होतं तुला. त्या वर्षी कार्नाचा घटस्फोट चालला होता आणि तिच्या वकिलाची फी आम्ही भरत होतो. ऑर्विलने कुठून वाचवून भरली हे तिला कळलं, तर ती पोर उभ्या जन्मात स्वतःला माफ करणार नाही. म्हणून ते माझ्यापाशी होतं, आणि माझ्यासोबतच जायचं होतं. तू माझा हात धरून रडलीस. ते रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि तेच जास्त लागतं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गव्हर्नर आपल्या गावात आला. तू मला ढकलत पुढे नेलंस. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "आर्लिस, आज ऑर्विल इथे असायला हवे होते." मी खुळी, सुखावले! मनात म्हटलं, बघा, एवढा मोठा माणूस, पण माझ्या नवऱ्याचं नाव लक्षात ठेवतो. घरी येताना गाडीत मी तुला तीच तीच गोष्ट सांगत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं दमली असशील.

रविवारी सकाळी कार्नाचा फोन आला. तू तेव्हा दारोदार हिंडत होतीस. तिने हॅलोही म्हटलं नाही. "आई, बाबा औषध निम्मं करत होते हे तुला ठाऊक होतं?" मग तिने मला वाचून दाखवलं. मीच तिच्या मागे लागून तिला गव्हर्नरच्या यादीत नाव घालायला लावलं होतं ना, म्हणून देशभरच्या लाखो लोकांबरोबर तिलाही ती ईमेल आली होती. माझ्या नावाने! 'मी आयोवाची आर्लिस. माझा ऑर्विल औषध परवडेना म्हणून गेला.' वकिलाची फीसुद्धा होती त्यात, 'लेकीचा संसार सावरण्यासाठी' असं गोंडस करून घातलेली. शेवटी मरताना ऑर्विल माझा हात धरून म्हणतो की ड्रेसेलसारख्या माणसाला निवडून आण. अगं, ऑर्विल गेला तेव्हा ड्रेसेल हे नाव आयोवात कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऑर्विलने जन्मभर दुसऱ्या पक्षाला मत दिलं! आणि त्याखाली लाल चौकट: आर्लिसच्या पाठीशी उभे राहा, आत्ताच पाच डॉलर द्या. आमच्यात याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. कार्ना वाचताना एकदाही थांबली नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे बाबा माझ्यामुळे गेले." मी नाही नाही म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता.

ती ईमेल तू लिहिली नसशील. तुझी भाषा मला कळते, तू एवढं गुळगुळीत लिहीत नाहीस. पण तुझ्याशिवाय ते त्यांना सांगणार कोण? देणगी आटली होती, वरून तगादा होता, ते सगळं मी समजू शकते. मला एकदा विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू विचारलं नाहीस. त्या रात्री तू फार उशिरा आलीस आणि सोमवारी उजाडायच्या आत कामाला निघून गेलीस. मी ओट्यावर तुझ्यासाठी अंडी झाकून ठेवली होती. हो, तरीही ठेवली होती.

आता त्या सोमवारी संध्याकाळच्या मतदानाचं ऐक, कारण तू जिममध्ये होतीस पण तुला काही दिसलं नाही. मी कॅप्टन म्हणून वेळेवर आले, भिंतीला फलक चिकटवले, कॉफीचं भांडं लावलं. शब्द दिला होता, तो पाळायचा असं मी ठरवून आले होते. ती ईमेल एव्हाना गावभर फिरली होती, आणि मग माणसं यायला लागली. आपल्या कोपऱ्यात! जी कधी मतदानाला फिरकली नव्हती तीही. तुझा 'पाच' नंबरचा ड्वेन टोपी हातात घेऊन आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऑर्विलसाठी आलोय, आर्लिस. आम्हाला कळलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं ना गं." लुएला माझ्या गळ्यात पडली. रॉय आला आणि हुंदके देत म्हणाला, "मी कुणालाही सांगितलं नव्हतं, शपथ!" एकेक जण येऊन माझा हात दाबत होता आणि मागे जाऊन उभा राहत होता. तू फोनवर कचेरीला ओरडून सांगत होतीस, "इथे तुफान उत्साह आहे! कोपऱ्यात जागा नाही!" मारिसोल, तो उत्साह नव्हता. ते मयताला आलेलं गाव होतं. सहा वर्षांपूर्वी हीच माणसं, याच क्रमाने, माझा हात दाबून गेली होती. तुम्ही माझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरलंत आणि त्याच्या मयताला आलेली डोकी गव्हर्नरच्या नावावर मांडत होतात.

मोजणी सुरू करा असं अध्यक्षांनी पुकारलं आणि माझे पाय चालायला लागले. ठरवून नाही. बास्केटबॉलच्या जाळीखाली तो 'अनिश्चित' लिहिलेला, कुणाच उमेदवाराचा नसलेला कोपरा होता, तिथे दरवेळेसारखं चिटपाखरू नव्हतं. मी तिथे जाऊन उभी राहिले. तू हसत ओरडलीस, "आर्लिस, आपला कोपरा इकडे आहे!" मग तुझं हसू गेलं. मी कुणाला बोलावलं नाही, खूणही केली नाही. पण ड्वेन टोपी घालून आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. मग लुएला, मग रॉय, मग चर्चच्या कॉफीचं अख्खं टेबल. का आलात असं कुणी कुणाला विचारलं नाही. तुझ्या कोपऱ्यात दोन कॉलेजची मुलं आणि कॉफीचं भांडं उरलं. पेपरवाले हसले, आपलं गाव कुणाच्याच बाजूचं नाही म्हणून. हसू देत. तू त्याच रात्री बर्फात सामान भरून गेलीस, आणि ऑर्विलचा कोट घडी घालून खुर्चीवर ठेवलास. तेवढी लाज तुला होती, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी कार्नाला दर रविवारी फोन करते. ती उचलत नाही. मी तिच्या निरोपाच्या यंत्राला हवामान सांगते, ड्वेनच्या कुत्रीला पिल्लं झाली ते सांगते, आणि बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत, ते हट्टी होते म्हणून गेले, असं दरवेळी शेवटी सांगते. तुझ्या एका ओळीचं उत्तर द्यायचं मी टाळत होते, कारण तुला का ते कळायला हवं होतं, आणि कळत नसेल तर लिहून उपयोग काय.

पण काल दुपारी फोन वाजला. कार्ना असेल म्हणून मी ओल्या हातांनी धावले. कार्ना नव्हती. आता मतदान होणार आहे त्या साउथ कॅरोलायनाहून कुणी युलाली गॅडसन बोलत होत्या. आवाज गोड आणि बोलणं सावकाश. म्हणाल्या, "ताई, मी एकटी राहते, माझे यजमान गेल्या वर्षी वारले. प्रचाराची एक मुलगी माझ्याकडे राहायला येतेय, मारिसोल नावाची. आधी तुमच्याकडे होती म्हणे. मुलगी कशी आहे? घरात ठेवू ना?" मी ओले हात फडक्याला पुसले. मग मी सांगितलं, ठेवा. भांडी घासते, ओटा पुसते, फडकं वाळत घालते. थंडी सोसत नाही, एक जास्तीचं पांघरूण द्या. गोड खायला घाला, नको म्हणते पण खाते. यात एक शब्द खोटा नाही. बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते तुला सांगायचं होतं, आणि त्याचसाठी हे पत्र. एखाद्या संध्याकाळी जेवण झाल्यावर युलालीबाई खुर्ची पुढे ओढतील आणि आपल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागतील. तेव्हा मारिसोल, तू उठ आणि नळ सोडून भांडी घास.

तुझीच, आणि याचा मलाच राग येतो,
आर्लिस