जोडहोडी डावीकडंच का वळती

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २००३

ति. सौ. अक्काला,

धाकट्याचा पाया पडून नमस्कार. तुझी कंबर आणि भावजींचं पित्त आपापल्या जागी गप असंल असं समजतो. इकडं अव्वा बरी हाय, अप्पा बरे हायत (हे अव्वाकडनं कळलं), मीबी बरा.

भावजींनी अप्पांना रिटायर झाल्यावर दिलेल्या दोन बारक्या विजेच्या मोटरींचं काय झालं असं तू फोनवर विचारलंस आणि अव्वा 'मजेत चाललंय' म्हणाली, त्याचा खुलासा करतो. अप्पांनी सागवानाच्या दोन हातभर लांबट होड्या कोरल्या आणि मधी पट्ट्या मारून जोडल्या. एकेका होडीला एकेक मोटर, एकेक पंखा. सुकाणू न्हाय, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची मोटर बंद करायची, एवढं सोपं. दोन खेळण्यातल्या गाड्या फोडून त्यांचं काळीज ह्यात बसवलं, म्हणून रिमोटबी दोन झाले. डावा अप्पांचा, उजवा माझा. (एकानंच दोन्ही का धरत न्हाय, असं भावजी विचारतील. अप्पा आपला सोडत न्हाईत. मीबी सोडत न्हाय.)

कोटितीर्थ तळ्यावर पहिल्याच दिवशी ती डावीकडं गोल फिरत बसली, घाण्याला जुंपल्यागत. माझी मोटर जास्त ढकलती म्हणून अप्पांनी मोटरींची अदलाबदल केली. तरी डावीकडंच. दोन्ही पंखे एकाच अंगाला फिरत होते, त्यातला एक उलट्या पात्यांचा करून बसवला. बॅटरी मधोमध सरकवली. पंख्यातलं शेवाळ काढलं. गोल जरा मोठा झाला, एवढंच. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं ओतकामाचे लाकडी पॅटर्न केलेला माणूस, अर्ध्या मिलिमीटरचा दोष लांबनं दाखवणारा; त्याला हा दिसंना. भाकरी अर्धीच खायला लागले.

दोष मला ठाऊक होता. तुलाबी हाय. त्यांनी लावून दिलेली नोकरी मी तिसऱ्या दिवशी सोडली आणि कादंबरी लिहायला बसलो, तवापासनं चौदा महिने अप्पा माझ्याशी बोलत न्हाईत. (कादंबरीचा शेवट मी आधी लिहिलाय. आता मधलं सुचत न्हाय.) म्हणून काठावर आमच्या मधी अव्वा उभी. अप्पांचं 'त्याला म्हण, कमी कर' माझ्यापर्यंत 'कमी कर म्हणत्यात, आणि ते केस काप की जरा' असं पोचायचं. तवर होडी एक गोल फिरून आलेली. माझा उलटा निरोप भाजीला काय आणायचं ह्याच्यासकट जायचा.

गेल्या रविवारी अव्वा बारशाला गेली. आम्ही दोघंच. होडी सुटली ती थेट धोंडुबाई पायरीवर धुणं धूत होती तिकडं. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं. कुणीच न्हाय. मग तिलाच म्हणाले, "बाई, त्याला सांगा, सोड म्हणावं."

ती पिळा हातात घेऊन उठली. "तुमचा ल्योक तुमच्या कुशीला उभा हाय की वो. मी काय टपालखात्यात हाय व्हय?"

अप्पा खाकरले. मग पाण्याकडं बघत म्हणाले, "सोड." मी बटण सोडलं. "धर." मी धरलं. होडी धोंडुबाईच्या लुगड्याला वळसा घालून पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. सरळ अशी न्हाय, पण गेली.

आता रोज जातो. चार शब्द झालेत: सोड, धर, हळू, बास. काल परत येताना गाड्यापाशी पाचवा आला: चहा? मी व्हय म्हणालो. दोन कप झाले.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
रुद्रेश

ता.क. भावजी दिवाळीला येताना एकट्यानं दोन्ही मोटरी चालवायचा भारी रिमोट आणणार हायत म्हणं. अक्का, आणू देऊ नको. पुण्यात मिळाला न्हाय म्हणून सांग. हे पत्र खरं त्यासाठीच हाय.

ता.क. २. वर दोष सांगितला तो खोटा न्हाय, पण दुसराबी हाय. डाव्या होडीच्या बुडाला सुईएवढं भोक हाय. पाणी शिरून ती जड होती. मला आज सापडलं. बुजवायला मेण घेऊन बसलो तर दिसलं, कुणीतरी ते आधीच बुजवलेलं, आणि नखानं परत उकरून ठेवलेलं. मी मेण डब्यात ठेवलं.