अंगठा माहाच, गोष्ट माही नाही

बाबा, तुमची पणती वकील झाली. काळा कोट घालून वणीच्या कोर्टात उभी राहते, आणि आत्ता माझ्या खाटेवर बसून, मी बोलते ते लिहून घेते आहे. कोट जरा ढगळ होतो तिला, पण आवाज बरोब्बर बसतो.

दसऱ्याआधी तुमचा नातू, माझा भाचा, तिच्याकडे दाव्याचा कागद घेऊन आला. शेजाऱ्याने धुरा, दोन शेतांमधला बांध, फोडून आमचं वावर नांगरून घेतलं म्हणे. सातबाऱ्यावर माझंही नाव, म्हणून माझाही अंगठा हवा. "पोरी, तू घरचीच वकील. ठोक सही." ती म्हणाली, "काका, धुरा मी पाहून आली. जागचा हालला नाही. खोटा दावा निघाला तं कोर्ट दंड बसवते." "दंड मी भरतो न!" "अन् माही सही? थे कोण भरून देईन?" तेव्हा तो माझ्याकडे वळला. "आत्या, तूच सांग इले. कोर्टात कोण खरं लिहिते?"

आणि मला तुम्ही दिसलात. मी लहान, भाकरीचं फडकं धरून कोर्टाच्या दारात उभी. अर्जनवीस दाखवेल तिथे तुम्ही अंगठा द्यायचे आणि शाई डोक्याच्या केसांना पुसायचे. आई तुमच्याकडे बोट दाखवून म्हणायची, यायचे केस कोर्टानंच काळे ठेवले. त्या दिवशी जज्जसाहेबांनी विचारलं, शेजाऱ्याची विहीर तुमची कशी? तुम्ही म्हणता, "विहीर तं त्याचीच हाय, साहेब." सगळे हसले. "मग हा अंगठा कोणाचा?" तुम्ही स्वतःचा अंगठा निरखून पाहता. "अंगठा माहाच, गोष्ट माही नाही." साहेब हसले नाहीत. अंगठ्याच्या वर लिहिलं ते तुमचंच, म्हणाले, आणि शेजाऱ्याला विनाकारण ओढलं म्हणून त्याचा खर्च तुमच्यावर बसवला. परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, "पोरी, वाचता नाही आलं तरी आयकता येते. आयकल्याबिगर अंगठा देऊ नको." शाळेत मात्र घातलं नाही मला. शहाणपण आलं होतं, ते गावच्या फाट्यावरच उतरून गेलं.

म्हणून मी नातीला म्हटलं, "वाच." तिने 'वरील मजकूर खरा आहे' इथपर्यंत वाचलं. मी हात पदरात घेतला. "धुऱ्यावरचं बोरीचं झाड तुह्या बापानं अन् मी लावलं, बापू. बोर कायी चालत गेली नाही." भाचा ताडकन उठला. "मंग माहेर विसर, आत्या." दिवाळीला माहेरची साडी आली नाही. मला त्याचं काही वाटत नाही. कोर्टातले लोक म्हणतात, या पोट्टीची सही असली की साहेब कागद विश्वासानं हातात घेतात. तुमच्या अंगठ्यानं घालवलं ते हिनं परत आणलं, असं मी म्हणणार होते, पण ही डोळे वटारते.

आता तिने हे सारं मला वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "दे आजी, अंगठा." दिला नाही. यात एक वाक्य खोटं आहे, साडीच्या पुढचं. खोडू का, विचारते. नको म्हटलं. राहू दे घरातच, बिनअंगठ्याचं.