क्लचखाली राहिलेली चप्पल

जळोची, बारामती
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना नमस्कार, शर्वीला पापा. आईची कंबर बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. तू फोन उचलत नाहीस म्हणून पुन्हा कागदच.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. पाडव्याला तू पिकअप भिगवणला नेलीस, तेव्हापासून ती बंद पडायला लागली, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. नवरात्रातच ती निमगावच्या वळणावर बंद पडली होती, आणि मी आबांच्या शेजारी बसले होते. भाऊबीजेला भरल्या ताटावर आबा तुला म्हणाले, ‘ज्याला क्लच कळत न्हाय त्यानं माज्या गाडीला हात लावू नये,’ तेच मी शहानिशा न करता कागदावर उतरवलं. तुझ्या हातून गाडीचं काहीही बिघडलेलं नाही. हे वहिनींनाही वाचून दाखव.

आता नीट सांगते.

गाडीला दोन त्रास होते. सकाळी ती लवकर चालू होत नव्हती, खोकल्यासारखी करून गप्प व्हायची. आणि चालताना, वेग कमी केला की मधेच बंद पडायची. आम्ही दोन्हींचं कारण एकच धरलं. आबांनी आपल्याला शिकवलंय ना, एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशानं आला ते कळत नाही. तसंच केलं. आधी बॅटरी तपासली, मग डिझेलचा फिल्टर बदलला. मग जळोचीच्या नाक्यावरच्या इरफानभाईंनी डिझेलच्या लायनीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. गाडी चालू केली तर नळीत बुडबुडे. ‘ताई, हवा घेतीय गाडी. रात्रभर उभी राहिली की डिझेल मागं जातंय.’ टाकीपासून येणारा रबरी पाइप एका जागी चिरला होता. तो बदलला आणि दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. आबांनी आईला हाक मारून ऐकायला बोलावलं. आई म्हणाली, ‘पोरीच्या लग्नातबी एवढं हसायचा न्हाईत तुमी!’ आबा म्हणाले, ‘आदी लगीन तर ठरू दे तिचं.’

मी तुला पत्र लिहिलं ते त्याच दिवशी. सुरू होण्याचा दोष सापडला, म्हणजे राहिलेला दोष क्लचचा, म्हणजे तुझा, असा माझा हिशोब.

पुढच्या आठवड्यात वडगाव निंबाळकरच्या विजयसिंह काकांच्या रोपवाटिकेतून उसाची रोपं घेऊन आम्ही इंदापूरकडं निघालो. मागं रोपांच्या ट्रेच्या कडेला लागणीच्या बायका बसल्या होत्या, दगडाबाई मावशी आणि तिच्या जावा. हायवे ओलांडताना मधोमध गाडी बंद पडली. सोलापूरकडून येणाऱ्या ट्रकनं इतका करकचून ब्रेक दाबला की त्याचं तोंड आमच्या फाळक्यापाशी येऊन थांबलं. पलीकडं गेल्यावर दगडाबाई मावशी खाली उतरली नि म्हणाली, ‘हिंदुराव आबा, आमाला रोपं लावायची हायती, सवताला न्हाय पुरायचं.’ सगळ्या हसल्या. तिच्या हातातली तंबाखूची डबी मात्र उघडेना.

मी इरफानभाईंना क्लच उघडायला लावला. प्लेट चांगली आहे दादा, अजून वर्षभर जाईल. त्यांनी सगळं परत बसवलं आणि फक्त एवढंच विचारलं, ‘गाडी कोण चालवतंय?’ मला तेव्हा प्रश्नाचा राग आला.

पण रात्री तो प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही फिल्टर बदलला, पाइप बदलला, डिझेलचा पंपसुद्धा बदलला. एकच गोष्ट बदलली नव्हती.

मी आबांना म्हटलं, आज मी चालवते, तुम्ही शेजारी बसून इंजिन ऐका. जळोची ते इंदापूर गाडी एकदाही बंद पडली नाही. गतिरोधक, वळणं, बाजारातली गर्दी, कुठंच नाही. आबा खिडकीबाहेर बघत होते. येताना म्हणाले, ‘सरक तिकडं, आता मी बगतो.’ निमगावच्या गतिरोधकावर गाडी गचका देऊन बंद पडली. ‘बगितलंस?’ आबा म्हणाले. ‘माणूस बगून नखरं करतीया.’

पुढं चहाला थांबलो. आबा आधी उतरून गेले. टपरीवरचा म्हस्कू लांबूनच ओरडला, ‘आबा, एक चप्पल गहाण टाकली का कुटं?’ आबांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. खडीवरून, काट्यातून ते तसेच चालत गेले होते. मग हसले, सगळ्यांत शेवटी. मी गाडीत बघितलं, चप्पल क्लचखाली अडकलेली. मी नेऊन दिली. त्यांनी वाकून ती हातानं पायात चढवली.

घरी आल्यावर टाचेत बाभळीचा काटा दिसला, मोडून आत बसलेला. आबा पडवीत खाटेवर आडवे झाले, डोळ्यांवर टॉवेल घेतला. मी सुई तापवून बसले. विचारलं, ‘आबा, कुठं दुखतंय सांगा हं.’

ते म्हणाले, ‘आदी सुई लाव तरी.’

दादा, सुई केव्हाची आत होती. रक्ताचा थेंब माझ्या बोटावर आला होता.

मी म्हटलं, ‘लावते.’

काटा निघाला तेव्हा ते घोरत होते. मी पाय पुसला, हळद भरली. एवढे दिवस गाडीला काय होतंय म्हणून मी बोनेटला कान लावून बसत होते, आणि ज्या पायानं मला क्लच शिकवला त्याच्याकडं एकदाही बघितलं नाही. आबांना साखरेचा आजार आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. ती पायापर्यंत गेलीय हे कुणाला सुचलंच नाही. पेडल पूर्ण दाबलं गेलंय की नाही, तेच त्यांना कळत नाही.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. पण काल सकाळी गोठ्यातून बघितलं. उभ्या गाडीत आबा एकटे बसले होते, इंजिन बंद. मान खाली घालून क्लचकडं बघत होते आणि डावा पाय दाबत होते, सोडत होते. आठवतं तुला? ‘पायाकडं बगायचं न्हाय, पायाला ठावं असतंय. नजर रस्त्यावर.’ तू एकदा खाली बघितलंस म्हणून टपली मारली होती. मी बादली वाजवली. ते लगेच उतरले आणि टायर तपासायला लागले.

जेवताना तुझा विषय काढून मला म्हणाले, ‘युवराजचा क्लच चांगला व्हता. मीच शिकवलाय.’ भाकरी तशीच ठेवून उठले. तुला हे कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. मी कळवतेय.

सोमवारी पुन्हा रोपं जायची आहेत, इंदापूरच्या पलीकडं. मागं दगडाबाई मावशी आणि सगळ्या असणार. आबांनी विजयसिंह काकांना शब्द दिलाय. तोवर गाडीला काम नाही, आणि मी चावी लपवणार नाही. त्यांच्याच घरात त्यांची चावी चोरणं मला जमणार नाही. ते आंघोळ करून, टोपी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर येतील, तेव्हा मी त्यांच्या जागेवर बसलेली असेन. कारण विचारतील. मी खाली उतरून नाही, तिथंच बसून सांगेन, कारण उतरले तर मला ते जमणार नाही. रोपं उतरवली की त्यांना तसंच दवाखान्यात नेणार आहे.

तू आलास तर तू बस त्या जागेवर. तुझ्याकडून ऐकलं तर त्यांच्या मनाला कमी लागेल. आबांना माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. नाही आलास तरी मी थांबणार नाही.

दिवस ठरला आहे. सोमवार, २४ नोव्हेंबर, दिवस उगवायच्या आत.

आबांच्या हाताखाली तुझ्याबरोबर शिकलेली,
स्वरूपा