ज्योत्स्नाचे फलंदाज

तिरुपूर,
ता. १० जून

ती. रुपालीबाईस,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि. मी खुशाल आहे. भाऊजी अन् पोरी खुशाल असतील, अन् तू सगळ्यांवर ओरडत असशील. फोन करीन म्हणलं तर खोलीत आपल्या गावचा सोनू अन् बाकीचे कान लावून बसतात. म्हणून कागद.

सोबत पुठ्ठ्याच्या मधात एक कार्ड आहे. तो ज्योत्स्नाले नेऊन दे, वाकवू नको. यंदाच्या क्रिकेट कार्डांच्या संचातला हा एकच फलंदाज मिळायचा राह्यला होता. तू आम्हाले हसतेस, पण शाळेपासून आमचा हाच धंदा. उन्हाळ्यात नवा संच निघाला की दोघांनी मिळून एकच जमवायचा. फलंदाज तिचे, गोलंदाज माझे, अन् कीपर कोणाचे यावरून सालभर भांडण. सारे तिच्याकडच्या पत्र्याच्या डब्यात. आमच्या साक्षगंधाच्या दिवशी मी साखरपुड्याची साडी कशी वाटली विचारलं, तर ती या फलंदाजाचंच घेऊन बसली होती.

नागभीडच्या दुकानात नाई भेटला, इथी नाई भेटला. चेन्नईत एका मैदानावर पोरं कार्डांची अदलाबदल करतात, तिथी भेटला. सुपरवायझरनं सुटी दिली नाई, तरी गेलो. परत आलो तर माझ्या शिलाई मशीनवर दुसराच बसून होता. दुसऱ्या कारखान्यात लागलो आहे, घोर करू नको. तेवढं ज्योत्स्नाच्या बाबाले, झिंगूमामाले सांगू नको. पोरगा एक साल एका जागी टिकला की पोरीचं लग्न लावतो, असं ते साऱ्यांसमोर बोलले होते. दोनच महिने उरले होते, मले समजते. पण हा कार्ड पुन्हा कुठी भेटला असता?

माय-बाबाले नमस्कार. माया करतेसच, जरा जास्त कर.
तुझा
प्रफुल


मु. पिंपळडोह, ता. नागभीड,
ता. २३ जून

चि. प्रफुल यास,
बाईचा आशीर्वाद. पोरी बऱ्या आहेत. धाकटीला ताप होता, उतरला.

तुझं कार्ड त्याच दिवशी ज्योत्स्नाला दिलं. तिनं कुठं मिळालं विचारलं, मी चेन्नई सांगितलं. सुटी होती का विचारलं, मी धाकटीच्या तापाचं बोलणं काढलं. पण सोनूनं घरी फोन केला होता, त्यामुळे दोन दिवसांत सारं गाव जाणत होतं.

काल झिंगूमामा दोन जाणत्यांना घेऊन आले. साक्षगंधाची साडी, मुंदी, पैंजण, सगळं एका धोतरात बांधून आणलं होतं. बाबा जाळं विणत होते, ते विणतच राहिले. मामा रागावले असते तर मी भांडले असते रे. ते हळू आवाजात बोलले. सुरतेहून पळाला, हैदराबादेहून पळाला, आता तिरुपूरहूनही. दरवेळी नव्या गावचं नाव पोरीनं किती पाठ करायचं, असं म्हणाले.

साडीखाली तो पत्र्याचा डबा निघाला. मायला वाटलं मिठाई आहे. उघडला तर तुमची कार्डं. हेही आपणच दिलं होतं काय, मायनं विचारलं. पोराचं जे जे होतं ते सारं आणलं, मामा म्हणाले.

जेवत जा. रागात तिथून कुठं निघून जाऊ नकोस, एवढं माझं ऐक.
तुझी
बाई


तिरुपूर,
ता. २ जुलै

ती. बाईस,
शि. सा. न. पत्र पोचलं.

मामाची चूक झाली. फलंदाज माझे नाईतच. ते तिनं धानाच्या रोवण्याच्या मजुरीतून घेतले आहेत, तिच्या पैशाचे. बुढ्यांनी घरात जे दिसलं ते धोतरात बांधलं. ती तेव्हा धानाचे पऱ्हे टाकायले बांधीत गेली असेल, तिले कोणी विचारलंच नसेल. ती स्वतः डबा देईल काय? साडी देईल, मुंदी देईल, डबा नाई देणार. तू तिले ओळखत नाईस, मी ओळखतो.

तू तिले एकटीले गाठ अन् विचार. तिनं दिला नाई म्हणलं तर मी त्याच दिवशी गाडीत बसतो अन् मामाचे पाय धरतो. मी वाट पाहून राह्यलो.

सोनूशी बोलत नाई. खोली तीच आहे.
प्रफुल


पिंपळडोह,
ता. १९ जुलै

चि. प्रफुल यास,
आशीर्वाद. तुझ्यासाठी मी मुद्दाम मामांच्याच बांधीत रोवण्याला गेले. दुपारी धुऱ्यावर भाकर खाताना ती एकटी सापडली. डबा कोणी दिला, विचारलं.

तिनंच दिला. तो कुठं असतो हे मामांना ठाऊकही नव्हतं. तिनं तो माळ्यावरून काढला, कार्डं नंबरानं लावली, तू पाठवलेलं त्याच्या जागी ठेवलं, अन् स्वतः साडीखाली घातला. काऊन केलं असं म्हणून मी तिच्यावर जरा चिडलेच. तेव्हा ती म्हणाली, "मले कार्ड नव्हता पाहिजे बाई. मले एक साल पाहिजे होता."

मग भाकर तशीच बांधून ठेवली अन् पुन्हा चिखलात उतरली. दिवसभर माझ्या बाजूच्या ओळीत होती, एकदाही वर पाहिलं नाही.

तिचं ब्रह्मपुरीकडे लग्न जमतं आहे, दिवाळीनंतरचं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते. डब्याचं काय करू? पोस्टानं पाठवू?

तुला खूप शिव्या द्यायच्या होत्या. राहू दे.
तुझी बाई


तिरुपूर,
ता. ४ ऑगस्ट

ती. बाईस,
शि. सा. न.

डबा पाठवू नको. फलंदाज वेगळे काढ अन् तिच्या मायच्या हाती दे. ती नाई म्हणेल, तरी दे. मी पाठवले म्हणू नको, तिचेच आहेत म्हण. गोलंदाज पोरींले खेळायले दे. फाडले तरी चालते.

मी गावाले येत नाई. मायले सांग, सुटी नाई.

नव्या मालकानं काल बोलावलं होतं. काम बरं आहे, राहशील काय विचारलं. एक साल कुठीच जात नाई, असं मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, इतकं तर मी मागितलंच नव्हतं.

बाकी ठीक. माया आहे तेवढी असू दे.
तुझा
प्रफुल